उचलू नये

माझ्या लेकीनं पाठ्यपुस्तकाबाहेरचं पहिलं वाक्य वाचलं ते माझ्या मोबाईलवर. पहिलीत होती. दिवेलागणीला मी चुलीपुढे भाकरी थापत होते, फोन वसरीतल्या खाटेवर पडला होता. तो वाजायला लागला तसा तिनं दोन्ही हातांनी धरला, एकेक अक्षर जुळवत वाचलं, "उ... च... लू... न... ये," आणि पास झाल्यासारखी आत धावत आली. "मम्मी, उचलू नये वाजून रायलं!"

माझे हात पिठात. बाबा कोठ्यात बैलांना कुटार टाकत होते. आई तूरडाळ पाखडत होती, तिचं सूप थांबलं. फोन वाजून वाजून बंद झाला, पुन्हा लागला, पुन्हा बंद झाला. तव्यावरची भाकरी करपली. आणि लेकीला एवढंच कळेना की आपण इतकं बरोबर वाचलं, तरी कोणी शाबास का म्हणत नाही.

'उचलू नये' म्हणजे तिचे वडील.

एका माणसाला माझ्या फोनमध्ये किती नावं मिळाली! सोयरीक जुळली तेव्हा घरात एकच साधा फोन होता. त्यात त्याचा नंबर मैत्रिणीच्या नावानं ठेवलेला. लग्नानंतर नुसतं 'हे'. लेक झाल्यावर 'पिल्लूचे बाबा'. फारकत झाली (कोर्टातली, परस्पर संमतीची, सहा महिने थांबून मिळालेली) त्या दिवशी परतीच्या एसटीत बसल्या बसल्या मतदारयादीत असतं तसं आडनावासकट पूर्ण नाव टाकलं. पण ते नाव स्क्रीनवर आलं की पोटात खड्डा पडायचा. म्हणून एका रात्री ते खोडून 'उचलू नये' लिहिलं. शब्द शोधावे लागले नाहीत. उपकेंद्राच्या भिंतीवर 'येथे थुंकू नये', शाळेत 'फुले तोडू नयेत', त्याच जातीची ही पाटी. त्या पाटीत एक खोट होती, ती बऱ्याच उशिरा एका वकीलताईंमुळे लक्षात आली. ते पुढे येईलच.

लग्न का मोडलं ते इथे सांगत बसत नाही. गावाला त्याची चार-पाच कारणं माहीत आहेत, त्यातलं एखादं खरंही असेल.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काळी माती, पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, नाल्यापलीकडे पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. लेकीला घेऊन माहेरी आले आणि दोनेक वर्षांनी गावात आशाची, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीची, जागा निघाली. ग्रामपंचायतीत निकषांचा कागद वाचला, तो अजून डोळ्यांपुढे आहे. आशा त्याच गावची रहिवासी असावी, आणि विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी. तोवर तो शब्द मी कोर्टाच्या कागदावर पाहिला होता, शाळेच्या फॉर्मवर रकाना सापडत नाही म्हणून समासात लिहिला होता, बायांच्या तोंडून दबक्या आवाजात ऐकला होता. पात्रतेच्या यादीत तो पहिल्यांदा भेटला. मी तो कागद दोनदा वाचला.

आशा झाले आणि पहिल्या मोबदल्यातून सिमकार्ड घेतलं. सासरी होते तेव्हाचं सिम नवऱ्याच्या नावावर होतं. मी निघून आले त्याच आठवड्यात त्यानं ते बंद करून टाकलं. हे नवं माझ्या आधारवर, माझ्या अंगठ्यावर. शेवटचे 3 आकडे सारखे, दुकानदारानं त्याचे वीस रुपये जास्त घेतले. तो नंबर नंतर अंगणवाडीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिला गेला, गरोदर बायांच्या कार्डांवर गेला, बँकेत, गॅसला, लेकीच्या शाळेत गेला. पोडावर एका घरात तर तो दाराच्या चौकटीवर कोळशानं लिहिलेला आहे.

त्यानंही तो भिंतीवरूनच घेतला असणार. किंवा कोणीतरी दिला. गावात नंबर मिळायला काय लागतं?

पहिला फोन पोळ्याच्या आदल्या रात्री आला, खांदमळणीच्या दिवशी. रडत होता. चाकणला कंपनीत लागला होता, तिथल्या खोलीत सणाला एकटाच होता म्हणे. मी ऐकून घेतलं. सणासुदीला माणसाचं रडणं ऐकून फोन कापायचा नसतो, असं आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, तरी येतं. दुसऱ्या दिवशी माफी मागायला फोन. तिसऱ्या दिवशी लेकीशी बोलायचं म्हणून. मग कोणाशी बोलत होतीस, इतका वेळ लाईन का लागत नव्हती, रात्री कोणाच्या घरी गेली होतीस, म्हणून. बाळंतपणाला गेले होते, हे मी सांगितलंसुद्धा. आता विचार करते, त्याला मी हिशेब का दिला? फारकत झालेली बाई मी, माझ्या रात्रीचा हिशेब मागणारा तो कोण? पण सवय. लग्न मोडल्याचं कोर्टाला एका तारखेत कळतं, जिभेला कळायला वेळ लागतो.

मग मी उचलणं बंद केलं. तसे नंबर बदलले. खोलीतल्या पोरांचे, चहावाल्याचे, गॅरेजवाल्याचे. ट्रूकॉलरवर लोकांनी ज्या नावानं नंबर साठवलेला असतो ते नाव येतं, त्यामुळे माझ्या फोनवर अख्खी चाकण एमआयडीसी येऊन गेली: 'साई मेस', 'बंटी वेल्डिंग', 'पाणी टँकर 2', 'रूमवाला मामा'. एकदा सहज माझा स्वतःचा नंबर टाकून पाहिला, तर नाव आलं 'आशाताई डिलिव्हरी'. हसले. हसायचे दिवस नव्हते, तरी हसले.

नंबर बदलल्यावर बोलणंही गेलं. आता नुसती शांतता. उचललं की पलीकडे कोणी बोलायचं नाही. लांबून टीव्ही, कुठल्यातरी मशीनची घरघर, एकदा कुकरची शिट्टी. शिव्या परवडल्या, शिव्यांना उत्तर तरी देता येतं. न बोलणाऱ्याला आपण किती वेळ "हॅलो" म्हणणार? आणि प्रत्येक हॅलोला आपला आवाज आपोआप थोडा बारीक होत जातो, ते आपल्याच कानाला ऐकू येतं.

किंवा मग मिस कॉल. एक रिंग, बंद. या एका रिंगनं मला जितका त्रास झाला तितका कशानंच नाही, कारण ती आमची जुनी खूण होती. साखरपुड्यानंतर तो एक रिंग द्यायचा, मी वावरातल्या धुऱ्यावर जायची, तिथे रेंज यायची. दोन रिंगा म्हणजे उद्या येतो. तेव्हा सगळा मुलूखच मिस कॉलवर बोलायचा. पोचलो, निघालो, बंडी पाठव, पाणी सोड, सगळं फुकटात कळायचं. बोलायला पैसे पडत होते ना. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि बोलणं फुकट झालं, त्याचं आम्हाला केवढं कौतुक! पण मला राहून राहून वाटतं, आधी माणसाला छळायचं म्हटलं तरी बॅलन्स लागायचा. राग दहा रुपयांच्या व्हाउचरएवढाच चालायचा. आता एका रिचार्जवर महिनाभर दिवसाला शंभर फोन करा, कंपनी काही म्हणत नाही.

दिवाळीनंतर कापूस फुटला. मी सकाळी गावातल्या गृहभेटी आटोपून दुपारी आमच्या वावरात वेचायला जायची. कमरेला ओटी बांधलेली, ब्लाउजमध्ये घामानं भिजतो म्हणून फोन ओटीच्या तळाशी. वर कापूस साठत जायचा आणि खाली, पोटाशी, फोन थरथरायचा. आवाज बंद केला तरी थरथर कळतेच. दोन्ही हात पऱ्हाटीच्या बोंडांत, नखांच्या कडा सोललेल्या, आणि पोटावर ते थरथरणं. मी ओळ सोडायची नाही. शेजारच्या ओळीतली काकू मात्र न पाहता ओळखायची. "वाजून रायला वं तुहा." मग दुसरी म्हणायची, "एवढे फोन करते बापा, अजून जीव हाय त्याचा तुह्यावर." सगळ्या हसायच्या. वाईट बाया नव्हत्या त्या. त्यांच्या घरच्यांनी त्यांना आयुष्यात कधी फोन केला असेल तर डबा पाठव म्हणून. त्यांच्या हिशेबी दिवसाला तीस वेळा आठवण काढणारा माणूस म्हणजे केवढी चैन!

आईचं म्हणणं वेगळं नव्हतं. "उचल नं वं एखादा. मोठ्या मनानं. दोन शब्द बोलला का शांत होते मानूस." बाबा काही म्हणायचे नाहीत, फोन वाजला की उठून कोठ्यात जायचे. मावसभाऊ म्हणाला, त्याला चार पोट्टे घेऊन चाकणला जाऊन समजावतो. त्याच्या समजावण्याचा अर्थ ठाऊक असल्यानं त्याला चहा पाजून परत पाठवला. बाकी सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: नंबर बदल.

तालुक्याच्या ठाण्यातही तेच. मी एकटीच गेले होते, सकाळच्या एसटीनं. टेबलावरच्या साहेबांनी सगळं ऐकलं, माझा फोन हातात घेऊन पाहिला आणि 'उचलू नये' वाचून मिशीत हसले. म्हणाले, "ताई, नवरा-बायकोचा मामला आहे." मी म्हटलं, नवरा नाही आता. "हो, पण होता ना. ब्लॉक करा. नाही तर नंबर बदलून टाका, पन्नास रुपयांत सिम मिळते." वाईट बोलले नाहीत, पाणीही विचारलं. मी परतीची एसटी धरली.

ब्लॉक तर मी आधीपासून करतच होते. गवत उपटावं तसं. निंदण करणाऱ्या बाईला विचारा, एक काढलं की पलीकडे दोन दिसतात. मग एक सोपा उपाय सापडला: रात्री नऊनंतर फोन आवाज बंद करून उशाखाली ठेवायचा. झोप लागायला लागली. पंधरा दिवस बरे गेले.

आता जे लिहायचं आहे ते मी अजून आम्हा आशांचं काम पाहणाऱ्या गटप्रवर्तक ताईंनाही नीट सांगितलेलं नाही.

जानेवारीच्या थंडीत पोडावरची एक पोरगी, दुसरं बाळंतपण, तारखेला अजून बारा दिवस होते. रात्री तिला कळा सुरू झाल्या. नवऱ्याचा फोन बंद पडलेला, म्हणून त्यानं ऊस भरायला आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्याच्या फोनवरून मला लावला. एक वाजून वीस मिनिटं. मला जाग होती. उशाखाली उजेड झाला तो दिसला. अनोळखी नंबर, अनोळखी नाव. मी पाहिलं आणि फोन पालथा करून ठेवला. पुन्हा उजेड झाला, उशीच्या कडेनं एक पिवळी रेघ दिसत राहिली. मी डोळे मिटून घेतले.

त्यांनी माझी वाट पाहून शेवटी 108 ला लावला, पण गाडी यायच्या आत पुलापाशी, त्या ट्रॅक्टरच्याच उजेडात, सासूनं बाळंतपण केलं. पोरगा झाला. दोघं सुखरूप. सकाळी आठला मला कळलं, मी धावत दवाखान्यात गेले. तिसऱ्या दिवशी घरी भेटीला गेले तेव्हा झोळीच्या काट्यावर वजन घेतलं, 2 किलो 300 ग्रॅम. माझा हात हलत होता, काटा स्थिर होईना. बाळाचा बाप दारात उभा होता. रागावला नाही. नुसतं सांगितल्यासारखं म्हणाला, "ताई, दोनदा लावला होता."

मी काय सांगणार होते? मी म्हटलं, झोप लागली होती. खोटं बोलले.

त्या दिवशी घरी येऊन शंभर पानी वही काढली. आशाच्या कामात आणखी काही शिका न शिका, रजिस्टर शिकता. गरोदर मातांचं, नवजात बालकांचं, जन्ममृत्यूचं; भेट तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या, बेचाळिसाव्या. रकाने आखायला मला पट्टीसुद्धा लागत नाही. तसेच आखले. तारीख, वेळ, नंबर, ट्रूकॉलरवरचं नाव, उचलला की नाही, किती सेकंद, काय ऐकू आलं. शेरा.

आवाज पुन्हा सुरू केला. फोन वाजला की वही उघडायची. गंमत म्हणजे दहा-बारा दिवसांत वाजण्याची भीती कमी झाली नाही, पण तिच्यामागे एक काम लागलं. तापाच्या रुग्णाचा तक्ता भरताना आपण ताप पाहतो, तसं मी ते पाहू लागले. आणि तक्ता बोलायला लागला. महिन्याच्या 8 ते 12 तारखेत फोन कमी, म्हणजे पगार झालेला असतो. वीसनंतर वाढतात. सणाच्या आदल्या रात्री सगळ्यात जास्त, सणाच्या दिवशी जवळजवळ नाही. रात्रपाळी असेल त्या आठवड्यात दुपारी. एवढे दिवस मला वाटत होतं की माझ्या एखाद्या गोष्टीमुळे त्याचा फोन येतो, मी बाजारात हसले, नवी साडी नेसले, त्याला कोणीतरी कळवलं. वहीत माझा कुठेच संबंध दिसेना. त्याचा पगार, त्याची पाळी, त्याची बाटली.

वही घेऊन मी तालुक्याच्या कोर्टात गेले. तिथे विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, आणि बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. 1987 च्या कायद्यातच तसं आहे. हे मी प्रशिक्षणात गावातल्या बायांना सांगायला शिकले होते. स्वतः जायला एवढे महिने लागले.

वकीलताई माझ्याच वयाच्या. वहीची पानं उलटत म्हणाल्या, "कोणी शिकवलं हे?" मग समोरच्या कागदावर कलम लिहून दाखवलं. पूर्वी भारतीय दंड संहितेत 354-ड होतं, 2013 साली आलेलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 78. पाठलाग. मला वाटायचं पाठलाग म्हणजे रस्त्यानं मागे येणं. पण बाईला नको असल्याचं स्पष्ट झाल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करत राहणं, हे त्याच कलमातलं. पहिल्यांदा 3 वर्षांपर्यंत कैद, जामीन होतो. दुसऱ्यांदा सिद्ध झालं तर 5 वर्षांपर्यंत, आणि तो अजामीनपात्र. शिवाय 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. कधीकाळी एका घरात संसार केलेला असला तर फारकतीनंतरही त्याचा आधार मिळू शकतो, आणि त्यात कोर्ट फोनसुद्धा करू नको असा आदेश देतं. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड. "आणि तुझी वही तो खोटी म्हणेल," त्या म्हणाल्या, "पण कंपनीची वही खोटी म्हणता येत नाही. कॉलचा तपशील त्यांना 2 वर्षं ठेवावा लागतो. पोलिसांनी मागितला की तुझं पान त्याच्या पानाला जुळेल."

मग तो प्रश्न विचारला. "तू त्याला नाही कधी म्हणालीस?"

मी म्हटलं, कितीदा तरी.

"शब्द सांग."

मी आठवायला लागले. 'कामात आहे.' 'पोरगी झोपली.' 'नंतर पाहू.' 'बाबा आले, ठेवते.' 'बॅटरी संपून रायली.' वर्षभराच्या बोलण्यात एकदाही मी 'मला फोन करू नको' असं म्हटलं नव्हतं. आमच्याकडे बाई नाही म्हणतच नाही. लुगडं नको असेल तर 'रंग जाईल' म्हणते, जेवायला नको असेल तर 'आत्ताच खाल्लं'. सोयरीक नको असेल तर पोरीचा बाप म्हणतो, 'पत्रिका पाहतो.' समोरच्यानं समजून घ्यायचं. आणि समजून घ्यायचं नसलेल्या माणसाला हे सगळं 'हो'सारखंच ऐकू येतं. तेव्हा फोनमधली ती पाटी आठवली. 'उचलू नये.' कोणी उचलू नये? मी. 'नये' मी त्याला म्हटलं नव्हतं, स्वतःलाच बजावलं होतं. आणि नंबर बदलणं म्हणजे तरी काय, 'घरी कोणी नाही' असं आतून सांगणं.

"एक मेसेज लिही," वकीलताई म्हणाल्या. "आत्ता, इथे."

तो मेसेज लिहायला मला पाऊण तास लागला, हे सांगायला लाज वाटत नाही. पहिला अडला शब्द म्हणजे त्याला काय म्हणायचं. संसारात 'तुम्ही' म्हणत होते, नाव कधी घेतलं नाही. 'तू' लिहिलं तर भांडण उकरल्यासारखं. 'तुम्ही' लिहिलं तर अजून बायकोच. शेवटी कोर्टाच्या नोटिशीतही 'तुम्ही'च असतं, असं ताईंनी सांगितलं म्हणून 'तुम्ही' राहिलं. मी लिहिलं, 'कृपया मला सारखे फोन करू नका, मला कामात त्रास होतो.' त्यांनी वाचलं. म्हणाल्या, "कृपया काढ." काढलं. "सारखे काढ. म्हणजे अधूनमधून चालतील का?" काढलं. "कामात त्रास होतो, हेही काढ. कारण दिलं की तो कारणावर वाद घालेल. म्हणेल, काम नसेल तेव्हा करतो." तेही गेलं. मग एवढं उरलं: 'यापुढे मला कोणत्याही नंबरवरून फोन किंवा मेसेज करू नका. मुलीशी बोलायचे असल्यास रविवारी संध्याकाळी 6 ते 6.30 या वेळेत माझ्या वडिलांच्या नंबरवर फोन करावा.' रविवारचं आमच्या संमतीच्या कागदातच होतं. लेकीचा बाप तो आहे, त्यावर माझं म्हणणं नाही.

पाठवलं. दोन रेघा आल्या, निळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडून गुलाबाचं फूल आलं, दवाचे थेंब असलेलं, वर 'शुभ सकाळ'.

ते गुलाबाचं फूल आता फिर्यादीला जोडलेलं आहे.

ठाण्यात दुसऱ्यांदा गेले ती वकीलताईंनी टाईप केलेला अर्ज, वहीची झेरॉक्स आणि निळ्या रेघांचा फोटो घेऊन. या वेळी टेबलावर एक मॅडम होत्या. त्यांनी तिथूनच त्याला फोन लावला, स्पीकरवर. दोन वर्षं मी त्याचा रडका आवाज, चढलेला आवाज, नुसता श्वास, सगळं ऐकलं होतं. "हो मॅडम. नाही मॅडम. चुकून लागला असेल मॅडम," हा आवाज माझ्या ओळखीचाच नव्हता. एवढा साधा, एवढा लहान माणूस! तो मला घरी कधी भेटला नाही.

लगेच सगळं थांबलं असं नाही. गुन्हा नोंदवायला आणखी दोन खेटे पडले. दीड महिना शांत गेला, मग आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या रात्री 'पाणी टँकर 2' आला. त्या वेळी मी फोनमध्ये कॉल रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. ते लावलं की आतली बाई आधीच दोघांनाही जाहीर सांगते, कॉल रेकॉर्ड होतो आहे म्हणून. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं ठेवून दिला. मी वर्षभर घसा कोरडा केला, आणि फोनमधल्या कोण्या बाईचं त्यानं एका वाक्यात ऐकलं. प्रकरण कोर्टात आहे, तारखा पडतात. वही दुसरी चालू आहे. पहिली भरायला चार महिने लागले होते, ही नऊ महिने झाले तरी निम्मी कोरी. रविवारी सहाला बाबांचा बटणांचा फोन वाजतो, लेक अंगणातल्या निंबाखाली बसून बापाला पाढे म्हणून दाखवते. कधी तो फोन करत नाही, तेव्हा ती साडेसहापर्यंत बसून राहते. ते वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं मला कळत नाही.

नंबर तोच आहे. आणि आता अनोळखी नंबर उचलायची माझी एक पद्धत झाली आहे. हॅलो म्हणतच नाही. "आशा बोलते. पेशंट कोन हाय? कळा कधीपासून? पानी गेलं का?" खरा फोन असेल तर माणूस घाईघाईनं सांगायला लागतो. पलीकडे शांतता असेल तर मी आणखी एक प्रश्न विचारते, "आधीचं शिजर हाय का?" मग ठेवते आणि वहीत लिहिते. त्याला यावर काय बोलावं ते अजून सुचलेलं नाही.

परवा रात्री पाऊस होता, लाईट गेलेली. पावणेतीनला फोन वाजला. स्क्रीनवर नाव नाही, नुसता नंबर. मी उचलला, म्हटलं, आशा बोलते, कळा कधीपासून? पलीकडे काही नाही. पावसाचा आवाज, इकडचा की तिकडचा ते कळेना. उशाची वही ओढून मी पेन शोधायला लागले, तेवढ्यात कोणीतरी धाप टाकत बोललं, "ताई, मी पोडावरून. थांबा, बाईकडे देतो. जेवनापासून दुखून रायलं तिले."

मी बॅटरी लावली. लेक झोपेतच कुशीवर वळली. "मम्मी, उचलू नये हाय का?"

"नाही," मी म्हटलं, आणि चपला पाहू लागले.